पाठीचा नकाशा, प्रमाण एकास दोन

"वर."

"इथे?"

"अरे, वर!"

"वरच चाललोय."

"ते डावीकडे झालं."

दोष कोणाचाच नव्हता. सातवा महिना लागल्यापासून बायकोला कुशीवरच आडवं होता येत होतं. नवरा पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसून तिची कंबर चोळत होता. आडव्या माणसाचं 'वर' म्हणजे छताकडे की उशीकडे, हे लग्न ठरताना दोन्हीकडच्यांनी बोलून घ्यायला हवं होतं. बाकी सगळं बोलून घेतलं होतं.

"मला एकदा नक्की सांग," तो म्हणाला, "तुझं वर म्हणजे कुठली दिशा?"

तिला हसू फुटलं, आणि फुटल्या फुटल्या तिने उशी आवळली. "आई गं! हसवू नकोस ना. हसलं की कळ येते."

"मी कुठे हसवतोय? मी विचारतोय."

हे मात्र खरं होतं. हा माणूस कधीच कोणाला हसवायला जात नसे. बांधकाम परवानगीच्या कार्यालयात तो नकाशे आखायचा, आणि रेघ अर्धा मिलीमीटर जरी सरकली तरी अख्खा कागद नव्याने घ्यायचा. कार्यालयाने त्याचं नाव अर्धामिली ठेवलं होतं. त्याला ते कौतुकाचं वाटायचं.

हसायची ती. पोस्टाच्या काउंटरवर ती एकदा हसली की रांगेतली माणसं कारण न कळता हसायला लागत. रजिस्टर पत्राची पावती घेऊन कोर्टाच्या भानगडीत अडकलेली माणसंही. तीन आठवड्यांपूर्वी कमरेत कळ सुरू झाली आणि ते हसणं बंद पडलं. रडणं चालत होतं, शिंक एक वेळ सोसत होती, पण हसणं नाही. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. अर्धामिलीला काय परत हवं होतं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. त्याने फक्त टेप आणि स्केल आणली.

"हे काय?"

"मापं घेतो. वर-खाली म्हणत बसलो तर बाळ शाळेत जाईल."

"स्केल गार आहे रे!"

"लोखंडी आहे. हलू नकोस."

*

नकाशाबद्दल थोडंसं

रविवारची अख्खी दुपार त्यात गेली. कागद ट्रेसिंगचा. उत्तर दिशा डोक्याकडे. आडव्या ओळींना क, ख, ग, घ, च, छ. उभ्या रांगांना एक ते आठ. कमरेचा खळगा आणि त्याखालचा चढ समोच्च रेषांनी दाखवलेला, कारण खळगा सपाट दाखवणं त्याच्या हाताला जमेना.

रंगसूची:
लाल फुली: तीव्र.
निळा गोल: दाबल्यास बरं वाटतं.
हिरव्या तिरक्या रेघा: या भागास हात लावू नये.

हात सवयीने पुढे चालतच राहिला. चारी बाजूंना कार्यालयाचा समास आला. खाली उजवीकडे चौकट आली. 'मालक' समोर बायकोचं नाव, 'पत्ता' समोर घरचा पत्ता, 'आखणार' समोर त्याची वळणदार सही. 'प्रमाण' समोर एकास दोन.

"मालक मी का?" बायकोने विचारलं.

"मग कोण?"

तिने चौकटीतल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. "बरं," म्हणाली. "मग घ-पाच. हळू."

घ-पाच सापडायला क्षणही लागला नाही. तिने लांब श्वास सोडला. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं दिशांबाबत एकमत झालं होतं.

*

नकाशा एकट्याने बघण्यासारखा नव्हताच. तो पलंगाजवळच्या भिंतीवर लागला, दार उघडं राहिलं, आणि इमारतीतलं जग आत आलं.

चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "उलट्या पावलांनी चालायला सांगा. रोज शंभर पावलं. उलटी!" मग त्यांनी स्वतः करून दाखवलं आणि कपड्यांच्या घोडीवर बसले. खालचा सायकलवाला हवा भरायचा पंप हातात घेऊनच वर आला. नकाशा बघून म्हणाला, "बेअरिंग गेलंय. वंगण टाका." समोरच्या काकूंनी दोघांनाही बाहेर काढलं. दहा वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले तेव्हापासून या मजल्याच्या सगळ्या बाळंतपणांवर त्यांची देखरेख होती.

"हे चोळणं ठीक आहे," नाकावर चष्मा सारत काकू म्हणाल्या, "पण माझ्या सुनेला मणकेवालीकडे नेलं होतं. तीन खेपांत उभी राहिली. नंबर लावते मी."

मणकेवाली म्हणजे कायरोप्रॅक्टर. काकूंना तो शब्द येत होता, पण पूर्ण म्हणेपर्यंत दम लागायचा. नंबर मिळाला तो गुरुवारी चारचा. तो चुकला तर पुढचा तीन आठवड्यांनी. शिवाय फोनवरून मणकेवालीने एकच गोष्ट दोनदा बजावली: "प्रसूतितज्ज्ञांचं पत्र आणा. त्याशिवाय मी गरोदर बाईला बोटही लावत नाही."

प्रसूतितज्ज्ञ बाईंनी सोमवारी सकाळी तपासलं, पत्र दिलं आणि त्यातली दोन वाक्यं लाल शाईने अधोरेखित केली. तिथूनच त्या आठ दिवसांसाठी परगावी गेल्या. अर्धामिलीने नकाशा आणि पत्र एका भुऱ्या फोल्डरमध्ये घातलं. नकाशाची एक प्रत कार्यालयात काढावी, म्हणजे मणकेवालीला एक आणि घराला एक, असा त्याचा सुबक बेत होता.

बेत सुबक असला की या माणसाचा घात होतो.

*

टेबलाचा डावा कोपरा

त्याच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर जे ठेवलं ते 'पूर्ण झालं'. अकरा वाजता ढकलगाडी येते आणि डावा कोपरा रिकामा करून जाते. न बोलता, न विचारता. ही पद्धत त्याचीच. पूर्वी लोक विचारायचे, "हे न्यायचं का?" त्यात प्रत्येक कागदामागे चार सेकंद वाया जायचे. चार सेकंद त्याने वाचवले होते.

सोमवारी पावणेअकराला तो आला. फोल्डर टेबलावर ठेवला आणि प्रत काढायच्या यंत्रात कागद आहे का ते बघायला गेला. यंत्रात कागद नव्हता. तो घेऊन परत येईपर्यंत अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

डावा कोपरा स्वच्छ होता.

तो आवक खिडकीशी पोहोचला तेव्हा आवकवाल्या बाई फोल्डरवर शिक्का मारून त्यावर फुंकर घालत होत्या.

"बाई, हे चुकून आलंय. माझं आहे."

"नंबर पडला."

"हो, पण माझं आहे."

"नंबर पडला की कार्यालयाचं."

"अहो, आत माझ्या बायकोची…"

"बायकोची काय?"

रांगेतल्या पाच माणसांनी कान टवकारले. त्यांतल्या दोघांचे नकाशे त्याने गेल्या महिन्यात समासासाठी परत पाठवले होते.

"…जागा आहे," तो म्हणाला.

"मग बायकोने अर्ज करावा. मालकाच्या सहीने. सात दिवस लागतील."

"सात दिवस? हे कोणी ठरवलं?"

बाईंनी पेनाने भिंतीकडे दाखवलं. तिथे नियमांचा तक्ता होता. "तुमच्याच अक्षरात आहे. किती छान समास सोडलाय बघा."

*

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं. उभं राहून सांगितलं, कारण बसून सांगण्यासारखं नव्हतं.

"रोज चारशे पाकिटं माझ्या हाताखालून जातात," बायको म्हणाली. "एकही चुकीच्या घरी गेलेलं नाही. आणि माझी पाठ, माझी स्वतःची पाठ, चुकीच्या टेबलावर गेली?"

"नंबर पडलाय तिला."

"कितवा?"

त्याने सांगितला. तिचे ओठ थरथरले, मग ती भिंतीला धरून उभी राहिली आणि डोळे मिटले. हसू आणि कळ एकाच जिन्यावर समोरासमोर आली होती. नेहमीसारखी कळच आधी पोहोचली.

"गुरुवारपर्यंत पत्र आण," ती हळूच म्हणाली. "मला अजून तीन आठवडे नाही रे जमणार."

हे तिने चेष्टेत म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

*

मंगळवारी फोल्डर मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब पत्र कधी वाचत नसत, त्यातलं अधोरेखित तेवढं वाचत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढा वेळ वाचवला होता की उरलेल्या वेळात आक्षेप काढत. बुधवारी त्यांचा कागद नेहमीप्रमाणे आखणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडला.

आक्षेपपत्र

१. जागेच्या मध्यातून उत्तर-दक्षिण अशी सलग खाच दिसते. नाला आहे काय? असल्यास पावसाळ्यातील पाण्याची पातळी दाखवावी.

२. दक्षिण सीमेवर एकसारखे दोन उंचवटे आहेत. ते नैसर्गिक आहेत की भराव टाकून केले आहेत, याचा खुलासा करावा.

३. हिरव्या भागास 'हात लावू नये' असे म्हटले आहे. हा आदेश कोणी व कोणत्या अधिकारात दिला?

४. सोबतच्या पत्रात 'वाढ समाधानकारक आहे' व 'साधारण दहा आठवड्यांत पूर्ण होईल' असे नमूद आहे. परवानगीपूर्वीच वाढ सुरू केली काय? जबाबदार कोण?

५. प्रमाण 'एकास दोन' ही उघड चूक आहे. 'एकास दोनशे' असावे. आखणाऱ्यास समज द्यावी. जागेची पाहणी करावी.

पहिले चार आक्षेप वाचून त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पाचवा वाचून तो उठलाच. अकरा वर्षं! अकरा वर्षांत त्याच्या प्रमाणावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. बायकोची पाठ सरकारी फायलीत फिरतेय हे त्याने दोन दिवस गिळलं होतं, पण हे नाही गिळता येणार.

"साहेब, प्रमाण बरोबर आहे."

"अहो, एकास दोन म्हणजे जागा केवढी होईल? दीड फूट!"

"तेवढीच आहे, साहेब."

"दीड फुटावर काय बांधणार?"

इथे एक वाक्य बोललं असतं तर पत्र हातात आलं असतं. वाक्य तयारही होतं. जिभेच्या टोकावर बसून ते पाय हलवत होतं. पण केबिनचं दार उघडं होतं, बाहेर अख्खं कार्यालय होतं, आणि अकरा वर्षांचा रुबाब होता. अर्धामिलीने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "पुन्हा तपासतो."

संध्याकाळी त्याने आक्षेपपत्राची प्रत बायकोला वाचून दाखवायला घेतली. पहिल्याच आक्षेपाला, पावसाळ्यातील पाण्याच्या पातळीला, तिने हात वर केला. डोळ्यांत पाणी, दात ओठांवर.

"बास. बास! उरलेले नंतर. बरी झाले की."

त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. फ्रिज घुर्रघुर्र करत होता. रुबाब नावाची वस्तू नेमकी किती मोठी असते, ते त्या रात्री जेवताना त्याला कळलं. तिचं प्रमाण त्याने फारच मोठं धरलं होतं.

*

गुरुवारी दोन वाजता तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. ते त्याने उघडंच ठेवलं.

"साहेब, ती जागा नाही. माझ्या बायकोची पाठ आहे."

बाहेरचे टंकलेखनाचे आवाज एकदम थांबले.

"पाठ?"

"सातवा महिना आहे. कंबर दुखते. कुठे दाबायचं ते कळावं म्हणून आखला. सोबतचं पत्र डॉक्टरांचं आहे, आज चार वाजता ते लागणार आहे."

साहेबांनी टेबलावरच्या आक्षेपपत्राच्या प्रतीकडे पाहिलं. "मग तो नाला…"

"कणा आहे, साहेब."

साहेबांचं बोट पुढच्या आक्षेपावर गेलं.

"आणि दक्षिणेकडचे…"

"हो, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ते एवढंच म्हणाले, "फाईल पाहणीला गेली. दीडला. तुम्ही पळा."

या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला 'पळा' म्हटलं नव्हतं. ते 'यथावकाश' म्हणत.

पाहणीच्या टेबलावर तपासनीस बाई नव्हत्या. त्यांची मोजायची टेप नव्हती, छत्री नव्हती. जाताना जायचं ठिकाण लिहायची वही उघडी होती, आणि शेवटच्या ओळीत ठिकाण म्हणून जे लिहिलं होतं ते अर्धामिलीने दोनदा वाचलं.

त्याच्याच घरचा पत्ता होता.

चौकटीत त्यानेच लिहिला होता. वळणदार अक्षरात.

*

तो पळाला. कसा पळाला ते विचारू नका. चाळिशीकडे झुकलेला, छातीशी बॅग धरलेला, सिग्नल लाल असला की जागच्या जागी पावलं मारणारा माणूस ज्याने पाहिला असेल, त्याला तो आठवत असेल. डोक्यात चित्रं धावत होती: तपासनीस बाई दारात, "जागा कुठे आहे?", बायको, कमरेवर हात, "कसली जागा?" तिसरं चित्र बघायची त्याची छाती झाली नाही.

घराचं दार उघडं होतं.

आत बायको खुर्चीवर उलटी बसली होती, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, हनुवटी त्यावर ठेवून. तिच्यामागे भरदार अंगाच्या तपासनीस बाई गुडघ्यांवर, साडीचा पदर खोचलेला, गळ्यात टेप. जमिनीवर नकाशा. त्यावर ओणव्या समोरच्या काकू, चष्म्यातून वाचून सांगत होत्या, "आता च-चार. निळा गोल. दाबा."

"दाबतेय, ताई. असं बरं वाटतंय का, बाळा?"

"हं," बायको म्हणाली. डोळे मिटलेले.

त्याने दाराची चौकट धरली. "मॅडम… ते… मी…"

"या या," तपासनीस बाई मागे न बघता म्हणाल्या. "माझी तीन झाली. तिन्ही वेळेला हीच कंबर, याच जागेवर. मला कोणी नकाशा काढून दिला नाही हो. माझे हे विचारायचे, 'वर का?' मी म्हणायचे, 'राहू द्या!'"

"साहेब रागावतील," तो म्हणाला.

"त्यांचं ते बघतील. मी पाहणीला आले, पाहणी केली." त्यांनी गळ्यातली टेप काढून त्याच्यापुढे धरली. "सगळं मोजलं. प्रमाण एकास दोनच आहे. अर्ध्या मिलीमीटरचाही फरक नाही."

अर्धामिलीने टेप घेतली आणि बाहीने डोळे पुसले. लोक बढतीला रडतात, बदलीला रडतात. हा माणूस प्रमाणावर रडला.

तपासनीस बाईंनी फाईलमधून पत्र काढून बायकोच्या हातात दिलं. "मालकाला परत दिलं. आता उठा. साडेतीन झाले."

*

मणकेवाली म्हणजे कोणीतरी पैलवान असणार, अशी त्याची पक्की समजूत होती. आली ती खांद्याएवढी बाई, लहान हातांची, पायांत मोजे. तिने पत्र सगळं वाचलं, अधोरेखित नसलेलंसुद्धा. बायकोला कुशीवर घेतलं, पोटाखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. कडकड आवाज होईल म्हणून अर्धामिली डोळे मिटून उभा होता. कसलाच आवाज झाला नाही. तिने कमरेच्या मागच्या सांध्यावर तळहात ठेवला, थांबली, बायकोने श्वास सोडला तसं हलकेच दाबलं. पुन्हा थांबली. एवढंच, पण वीस मिनिटं.

मग तिने नकाशा उजेडात धरला.

"हा कोणी काढला?"

"मी," तो म्हणाला आणि आक्षेपाच्या तयारीने सावरून उभा राहिला.

"छान आहे. लाल फुल्या बरोबर आहेत. त्यामुळे मला शोधावं लागलं नाही." तिने त्याचा हात धरून बायकोच्या कमरेवर ठेवला. "आता घरी कागद बाजूला ठेवायचा. तळहात ठेवायचा. ती श्वास सोडेल तेव्हाच दाबायचं. हिरव्या भागाला हात लावायचा नाही, ते तुम्ही लिहिलंच आहे. कळ पायात उतरली किंवा काहीही वेगळं वाटलं तर आधी डॉक्टरांकडे. आणि पुढच्या गुरुवारी या, मी जागा काढते."

त्याने हात ठेवला. पहिल्यांदाच त्याला कुठली दिशा विचारावी लागली नाही.

*

बाहेर रस्त्याकडेला एक बुटका कठडा होता. बायको त्यावर बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती न वाकता, कशाला न धरता, नुसती बसली. मग मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तेही तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"कागद आहे खिशात?"

"कुठला?"

"उरलेले आक्षेप. वाच."

"इथे? लोक आहेत."

"मालक कोण आहे?"

त्याने घडी उघडली, घसा साफ केला आणि साहेबांच्या आवाजात वाचलं, "दोन. दक्षिण सीमेवर एकसारखे दोन उंचवटे आहेत. ते नैसर्गिक आहेत की भराव टाकून…"

ती हसली. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग सगळी. येणारेजाणारे वळून बघायला लागले. भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा कारण नसताना हसायला लागले. अर्धामिली सवयीने थांबला, तिच्या कमरेकडे हात नेला, कळ कधी येते त्याची वाट बघत राहिला.

कळ आली नाही.

"थांबलास का?" डोळे पुसत ती म्हणाली. "नाही दुखत. पुढचा."

त्याने तिसरा वाचला. मग चौथा. 'परवानगीपूर्वीच वाढ सुरू केली काय? जबाबदार कोण?' इथे तिने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि आजोबांना पिशवी खाली ठेवावी लागली.

पाचवा वाचून झाला तेव्हा कागद संपला होता आणि ती अजून हसतच होती. त्याने कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. अकरा वर्षांत त्याला पहिल्यांदाच वाटलं, साहेबांनी आक्षेप फार कमी काढलेत.